दही-साखर आणि दीड तास

बेंगळुरूहून परत आल्यापासून दुकानासमोर जो थांबतो तो एकच विचारतो, "दत्ता, काय काय पाहिलंस?" मी खरं सांगतो. छत पाहिलं. होसकोटेच्या खोलीचं छत, दवाखान्याचं छत, आणि दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर मागच्या सीटवर आडवं पडून पाहिलेलं टॅक्सीचं छत. तिन्हींत टॅक्सीचं बरं होतं. त्याला मखमल होती.

लोक तिकडं कॉम्प्युटरसाठी जातात, मी फुप्फुसासाठी गेलो. तासगावात माझं पंक्चरचं दुकान आहे. सहावीत शाळा सोडली ती कबुतरांपायी, आणि चाळीस वर्षं ती पाळली. त्यांच्या पिसांच्या आणि शिटीच्या धुळीनं माझी फुप्फुसं वाळक्या दोडक्यासारखी झाली, असं मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. शोभा, म्हणजे माझी बायको, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "वीस वर्षं मी हेच सांगत होते डॉक्टर, पण माझ्याकडं मशीन नव्हतं." जन्मभर दुसऱ्यांच्या ट्यूबमध्ये हवा भरली आणि शेवटी माझ्याच ट्यूबमध्ये हवा राहीना. आता ट्यूबच बदलायची, आणि ती बेंगळुरात बदलतात, असं ठरलं. खर्च कसा जमला ते लिहीत नाही. ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं मला पाठ आहेत.

प्रवासाचंही लिहीत नाही. नाकात नळी घालून रेल्वेत बसलेल्या माणसाला सगळे खिडकीची जागा देतात, एवढं कळलं.

होसकोटे

दवाखाना महादेवपुऱ्याकडं. तिथल्या खोल्यांत सगळी कॉम्प्युटरवाली पोरं राहतात, आपल्याला जागा कुठली. म्हणून आम्ही पुढं होसकोट्याला चंद्राक्कांच्या घरी वरची खोली घेतली. चंद्राक्का मूळच्या मराठी, पण मूळ किती खोल ते त्यांनाही माहीत नाही. पणजोबांच्याही आधी कुणीतरी इकडं आलं. नवऱ्यामागं त्यांनी बटणं, दोरे आणि अस्तराचं दुकान सांभाळलं. घरात मराठी बोलतात, पण अशी की पहिले दोन दिवस शोभा माझ्याकडं बघायची आणि मी शोभाकडं.

"दत्ताअण्णा, ऊटा झालं का? स्वल्प सारू घालू? सरी, मग भात घे की."

ऊटा म्हणजे जेवण, स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. एवढ्या तीन शब्दांवर मी सात महिने काढले.

त्यांच्याकडं मी पहिल्यांदा नाचणीचा मुद्दा खाल्ला. मुठीएवढा गरम गोळा सारात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. आपल्याकडं भाकरी चावूनचावून खातात, आणि मला तर चावतानाही दम लागायचा, दोन घासांत एकदा थांबावं लागायचं. मुद्दा सरळ खाली उतरायचा. माझ्यासारख्यासाठीच कुणीतरी तो शोधला असावा. रविवारी मात्र पहाटेपासून बिर्याणीचा वास खिडकीतून आत यायचा. गावाबाहेरून गाड्या येतात, रांगा लागतात. मला ऑक्सिजन नळीतून मिळत होता आणि बिर्याणीही नाकातूनच मिळत होती.

दवाखान्यातून नियम मिळाले होते. फोन बंद पडू द्यायचा नाही. पिशवी भरून दारात ठेवायची. बोलावणं आलं की दोन तासांच्या आत पोचायचं, आणि फोन आल्यापासून पोटात काहीही घालायचं नाही. हे सगळं आम्हाला जॉयसी सिस्टरनी समजावलं. प्रत्यारोपणाच्या पेशंटांची यादी, फोन, धावपळ, सगळं त्यांच्याकडं. केरळच्या, हिंदी बोलायच्या, आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं की चष्म्यावरून बघायच्या.

डॉक्टरांची खोली

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "दोन प्रकारे फुप्फुसं मिळू शकतात. दोन्ही चालतील का?"

पहिला प्रकार म्हणजे मेंदू मेलेला असतो, पण मशीनवर हृदय चालू असतं. इथं बहुतेक वेळा तसंच मिळतं. दुसरा प्रकार आपल्याकडं क्वचित होतो. माणूस वाचणार नाही हे नक्की असतं, घरचे मशीन काढायला तयार होतात, आणि अवयव द्यायलाही. मग मशीन काढतात आणि वाट बघतात. हृदय आपणहून थांबलं, आणि दीड तासाच्या आत थांबलं, तरच फुप्फुसं घेता येतात. लांबलं तर रक्त नीट पोचत नाही, फुप्फुसं खराब होतात.

"आणि ते कधी थांबणार, हे आधी कळत नाही?" शोभानं विचारलं.

"अंदाज असतो. अंदाज चुकतो."

"बरं, थांबलं वेळेत. मग तर नक्की?"

"मग उघडून बघायचं. हातात घेऊन फुगवायचं. शंका आली तर आम्ही घेत नाही." डॉक्टर पुढं म्हणाले, "जी घेतली ती चांगली निघाली का, ते कळतं. जी नाही घेतली ती चांगली होती का, ते कधीच कळत नाही."

मला हे लगेच पटलं. जुनी ट्यूब हातात घेतली की मीही असंच करतो. दाबून बघायची, ताणून बघायची, मन साशंक झालं की बाजूला टाकायची. बाजूला टाकलेल्या ट्यूबा किती गावं फिरल्या असत्या, कुणाला माहीत. मी म्हटलं, "साहेब, ट्यूब जुनी चालेल. हवा धरली पाहिजे."

जॉयसी सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. मी दोन्ही रकान्यांत सही केली.

पहिलं बोलावणं

श्रावणातला मंगळवार होता, सकाळचे आठ. चंद्राक्का खाली पूजेला बसल्या होत्या. फोन वाजला. सिस्टर म्हणाल्या, "दत्ताजी, निकलो. दूसरा वाला है." म्हणजे दुसऱ्या प्रकारचं.

शोभानं पिशवी उचलली, मी सिलिंडरची गाडी ओढत जिना उतरायला लागलो. एकेका पायरीवर थांबत. खाली दारात चंद्राक्का उभ्या, हातात चांदीची वाटी.

परीक्षेला निघा, लग्नाला निघा, कोर्टात निघा, आपल्यात हातावर दही-साखर ठेवतात. कर्नाटकात शंभर-दीडशे वर्षं काढून त्यांच्या घरानं निम्मी भाषा सोडली, पण दही-साखर सोडली नव्हती. त्यांनी माझ्या तळहातावर भलामोठा चमचा ठेवला, आणि मी, सहा महिन्यांचं बाळ नाही, बावन्न वर्षांचा बाप्या, तो चाटून टाकला. वर म्हटलं, "अजून थोडं." शोभानं बघितलं, आणि तिलाही काही वाटलं नाही. तिनं उलट माझा हात पुसला.

टॅक्सीत, जुन्या मद्रास रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा शोभा एकदम म्हणाली, "अहो. दही."

मी म्हटलं, "दही खाल्ल्यात मोजत नाहीत. तो प्रसाद."

भूल देणाऱ्या मॅडमनी मोजलं. "शेवटचं काय खाल्लं?" म्हणाल्या. खोटं बोलावं असं मनात आलं, पण नर्स माझी छाती भादरत होती आणि तिच्या हातात वस्तरा होता. मी खरं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी पस्तीस पेशंटांना भूल दिली की त्यांतले दहा तरी प्रसाद खाऊन आलेले असतात. बेशुद्ध झाल्यावर तो प्रसाद वर येऊन श्वासनळीत गेला तर देव मध्ये पडत नाही." मग घड्याळ बघून म्हणाल्या, "नशीब तुमचं. आज वाटच बघायची आहे. तोवर पोट रिकामं होईल."

म्हणून मी वाट बघायला लागलो. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एका पडद्याआड मला झोपवलं होतं. शोभाला थोडा वेळ आत सोडलं. समोर भिंतीवर घड्याळ. जॉयसी सिस्टर येऊन म्हणाल्या, "मशीन काढलं. त्याला बघणारे डॉक्टर वेगळे. त्यांना तुमचं नावही माहीत नसतं. त्यांना कुणी घाई करत नाही, करूही शकत नाही."

अर्धा तास झाला. "चालू आहे," सिस्टर म्हणाल्या.

तास झाला. "चालू आहे."

आता जे लिहितो ते गावात कुणाला बोललो नाही. मी त्या घड्याळाकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, थांब. बाबा रे, थांब आता. कुठल्या तरी घरचा माणूस वरच्या मजल्यावर शेवटचे श्वास घेत होता, त्याच्या उशाशी त्याचे लोक उभे असणार, आणि मी त्याच्या मागं लागलो होतो, बसस्टँडवर संडासाच्या रांगेतला माणूस दार वाजवतो तसा. माझी आई गेली तेव्हा आम्ही तिच्या एकेका श्वासाला हात जोडत होतो. इथं मी उलटा हात जोडत होतो.

"काय पुटपुटताय?" शोभानं विचारलं.

"रामरक्षा."

"तुम्हाला येत नाही ती."

दीड तासाला सात मिनिटं कमी असताना सिस्टर येऊन घड्याळ बघून गेल्या. मग दीड तास झाला. मग मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच कळलं. "हृदय अजून चालू आहे. आता घेता येणार नाहीत. घरी जा, आराम करा. यादीत तुम्ही आहात तिथंच आहात."

मला राग आला. डॉक्टरांचा नाही, त्या माणसाचा. कपडे घालताना मी शोभाला म्हटलं, "एवढं चिवट काळीज होतं तर जगायचं होतं की बेट्यानं. ना धड हे, ना धड ते." शोभानं माझ्या शर्टाची बटणं लावली.

लिफ्टपाशी जॉयसी सिस्टर आमच्याबरोबर थांबल्या. म्हणाल्या, "हे सांगणं नियमात बसत नाही. कोण होता ते विचारायचं नाही." मी मान हलवली. "त्याच्या घरच्यांना आत्ता सांगितलं की आता अवयव घेता येणार नाहीत. त्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? ज्याला द्यायचं होतं, त्याचं आता काय होणार?"

लिफ्ट आली. माझ्या अंगातला राग कुणी तरी वॉल्व्ह काढावा तसा निघून गेला, आणि मागं काहीच उरलं नाही. त्यांचा माणूस अजून वर श्वास घेत होता, आणि ते माझी काळजी करत होते. आणि मी त्याचं दार वाजवत होतो.

परतीचा रस्ता

उपाशी माणसाला लाज जास्त वेळ परवडत नाही. महादेवपुऱ्यातच एका टपरीवर टॅक्सी थांबवली आणि तट्टे इडली खाल्ली. तट्टे म्हणजे ताट. ताटाएवढी नाही, पण बशीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. आपल्याकडची इडली तिच्यापुढं तान्ह्या बाळासारखी वाटते. भादरलेली छाती शर्टाखाली खाजत होती. टॅक्सीवाला म्हणाला, "सर, ऑपरेशन आयता?" झालं का, असं. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला."

होसकोट्याला चंद्राक्का ओट्यावरच बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या. शोभानं सांगितलं, वेळेत झालं नाही. आणि मग, तिच्या जिभेला हाड नाहीच, दह्याचंही सांगितलं, की मॅडम रागावल्या.

चंद्राक्कांनी चांदीची वाटी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. "माझ्या दह्यानं घात केला," म्हणाल्या.

"आक्का, दह्यानं काही झालं नाही. त्या माणसाचं हृदय थांबलं नाही."

"तेच की. मी दही दिलं शुभ होऊ दे म्हणून. देवानं त्याचं शुभ केलं. पत्ता चुकला." त्यांच्या हिशेबात खोट काढणं मला जमलं नाही. त्या रात्री त्यांनी ताकाची कढीसुद्धा केली नाही. पुढं दोन महिने त्या घरात दही लागलं नाही. त्यांचा जावई आला, त्यालाही लिंबाच्या लोणच्याबरोबर भात खावा लागला.

दुसरं बोलावणं

तोवर माझं चालणं खोलीपुरतं राहिलं होतं. आधी ऑक्सिजनचं मशीन दोनवर असायचं, ते आता पाचवर. न्हाणीघरातून पलंगापर्यंत येणं म्हणजे आमच्याकडचा डोंगर चढून येणं. मी शोभाला दुकानाच्या किल्ल्या कुठं आहेत, कुठल्या गिऱ्हाइकाचं चाक पडून आहे, असं सांगायला लागलो. ती म्हणाली, "चाकाचं राहू द्या. कबुतरं शेजारच्यांनी नेली, त्याचा सत्यनारायण घालायचा आहे मला. तोवर थांबा."

दिवाळीनंतरच्या गुरुवारी दुपारी फोन आला. पुन्हा दुसराच प्रकार. सिस्टर म्हणाल्या, "दत्ताजी, दही नको."

मला आता जिना उतरवेना. टॅक्सीवाला आणि शोभा, दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. दारात चंद्राक्का उभ्या होत्या, चांदीची वाटी घेऊन. शोभा पुढं झाली, "आक्का, नको हं."

"स्वल्प थांब की," म्हणत त्यांनी वाटी माझ्यासमोर धरली. रिकामी होती. घासून लख्ख केलेली. त्यांनी रिकामा चमचा तीत फिरवला, माझ्या तळहातावर टेकवला आणि म्हणाल्या, "खाल्लं समज. उरलेलं परत आल्यावर."

मी रिकामा तळहात तोंडाला लावला. नाही लावला असता तर त्यांनी मला सोडलं नसतं, आणि माझीही हिंमत नव्हती.

पुन्हा तोच पडदा, तेच घड्याळ. या वेळी मी सिस्टरना म्हटलं, "खाट फिरवा. घड्याळाकडं पाठ करा." त्यांनी काही न विचारता फिरवली. समोर आता कोरी भिंत होती. मी थांब म्हटलं नाही, चाल म्हटलं नाही. मनात फक्त म्हणत राहिलो, तुझ्या वेळेनं, बाबा. तुझ्या वेळेनं. आणि खरं सांगायचं तर मधूनच आतून आवाज यायचाच, की पण जरा लवकर. माणूस एका दिवसात साधू होत नाही.

किती वेळ गेला मला माहीत नाही. सिस्टर आल्या आणि हळू बोलल्या, "गेला. वेळेत गेला. काही मिनिटं कुणी हात लावत नाही. मग बघतील."

शोभा रडायला लागली. मी विचारलं, "आता का रडतेस? झालं की."

"तो कुणाचा तरी गेला," ती म्हणाली.

मग मला आत नेलं. भूल देणाऱ्या मॅडम त्याच होत्या. "आज काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रिकामी वाटी." त्यांनी मास्कच्या आत हसल्यासारखं केलं. मी विचारलं, "फुप्फुसं चांगली निघाली का?" त्या म्हणाल्या, "अजून बघतायत. मोठे डॉक्टर हो म्हणाल्याशिवाय तुम्हाला झोपवणार नाही." टेबलावर उताणा पडून मी वाट बघत राहिलो. दाराशी फोन वाजला. कुणीतरी कन्नडमध्ये चार शब्द बोललं. मॅडम वाकून म्हणाल्या, "हो म्हणाले." त्यापुढचं मला आठवत नाही.

त्यानंतर

जाग आली तेव्हा घशात नळी होती, आणि छाती माझ्या परवानगीशिवाय वर-खाली होत होती. ते दिवस वगळतो. दुखलं, भ्रम झाले, एकदा नर्सला मी कबूतर समजून हाकललं. पंधरा दिवसांनी मोठे डॉक्टर पलंगापाशी बसले. मी त्यांना विचारलं, जोड दिल्यावर गळतंय का ते कसं कळतं?

"जोडावर पाणी टाकतो आणि हवा भरतो. बुडबुडे आले तर गळतंय."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. माझ्या दुकानात याच कामासाठी अर्धं कापलेलं पिंप आहे. मी म्हटलं, "साहेब, तासगावला या. एक खुर्ची तुमची."

"आणि खरं सांगू?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वेळी मी दहा मिनिटं ठरवू शकत नव्हतो. एका कोपऱ्याचा रंग मला आवडला नव्हता."

"मग?"

"मग पुन्हा फुगवलं. भरलं. घेतलं." ते उठले. "तुम्ही घरापर्यंत चालत जाल, तेव्हा मला कळेल बरोबर होतं का."

मी चाललो. आधी पलंगाभोवती, मग बोळकांडीत, मग होसकोट्याच्या तळ्याकाठी, मास्क लावून, शोभा चार पावलं पुढं. मार्चच्या शेवटी परवानगी मिळाली, घरी जा. कबुतरं नाहीत, धूळ नाही, उघड्यावरचं खाणं नाही, घरी विरजलेलं दही नाही. दही खायचंच तर कारखान्याचं, पाकीटबंद.

निघायच्या सकाळी चंद्राक्का दारात. चांदीची वाटी, आणि बाजूला प्लॅस्टिकची फाडलेली पिशवी. चाळीस वर्षांत त्या घरात विकतचं दही आलं नव्हतं. त्यांनी नाक मुरडून चमचा भरला. "हे दही म्हणे. खडूचं पाणी. घे की, उरलेलं होतं तुझं." मी खाल्लं. खरंच खडूचं पाणी होतं. दुसरा चमचा मी मागून घेतला.

स्टेशनाच्या आधी दवाखान्यात थांबलो. फुप्फुसं ज्यांच्याकडून मिळाली त्यांना नाव न लिहिता पत्र देता येतं, तसा तिथं रिवाज आहे. ते मी आधीच दिलं होतं, शोभाकडून चार वेळा शुद्धलेखन तपासून. आता दुसरं दिलं. जॉयसी सिस्टरनी पाकीट उलटसुलट केलं. "हे कुणाला?"

"पहिल्याला. श्रावणातल्या."

"दत्ताजी, त्याचं काही घेतलं नाही. कागदावर तो दाता नाही. त्याच्यासाठी पत्राचा रकाना नाही."

"म्हणून तर हातात देतोय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग पाकीट उघडंच होतं म्हणून आतला कागद काढून बघितला. मराठी त्यांना येत नाही, म्हणून मी हिंदीत सांगितलं काय लिहिलंय. त्यांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं नाही, पर्समध्ये ठेवलं. पुढं काय झालं मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

पत्र लहान होतं. सहावीपर्यंतचा माणूस किती लिहिणार.

"नमस्कार. तुमचा माणूस गेला, त्याचं वाईट वाटतं. त्या दिवशी मी खालच्या मजल्यावर होतो. तुमच्या माणसानं लवकर थांबावं असं मी मनात म्हणत होतो. त्याची माफी मागतो. ज्याला द्यायचं होतं त्याचं काय होणार, असं तुम्ही विचारलं होतं. तो मी. मला पुढं दुसऱ्या एकाकडून मिळालं. मी चालतो, जेवतो, आज घरी निघालो आहे. तुम्ही विचारलं होतं, म्हणून कळवतो."